पट्टे पाच, माणसे पाच

आमची गाडी आम्ही भिशीच्या पैशांतून घेतली. जळगावात आमच्या ओळखीच्या शिक्षकांची वीस जणांची भिशी आहे. 2022 च्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे नाव निघाले, त्यात घरातली थोडी शिल्लक घातली आणि 2016 सालची एक छोटी पेट्रोल गाडी दारात आली. कर्ज नाही, व्याज नाही, याचे समाधान गाडीपेक्षा मोठे होते. अम्मींनी बोनेटवर हात ठेवून दुआ मागितली आणि मुलांनी गल्लीभर पेढे वाटले.

आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. आमच्यातल्या एकाकडे उर्दू आणि मराठी हे विषय आहेत, दुसऱ्याकडे विज्ञान. परवाना दोघांकडेही आहे आणि गाडी दोघेही चालवतो. तेव्हा या लेखात 'आम्ही' म्हणजे आम्ही नवरा-बायको, असे वाचकांनी समजावे. पुढे जी चूक सांगणार आहोत, ती दोघांची मिळून आहे.

गाडी आली तशी सजावटही आली. पहिल्याच आठवड्यात आम्ही सीटना जाड कृत्रिम चामड्याची कव्हरे शिवून घेतली. डॅशबोर्डवर सोनेरी चौकट चिकटवली, आरशाला तस्बीह आणि एक झुंबर टांगले, एसीच्या जाळीवर अत्तराची बाटली अडकवली, मागच्या काचेखालच्या फळीवर गाद्या टाकल्या. हॉर्नही मोठा बसवला. एवढा सारा खर्च करताना टायर किती जुने आहेत, स्टेपनीत हवा आहे का, मागच्या सीटला पट्टे कुठे आहेत, यातले काहीही आम्ही पाहिले नाही. कव्हर शिवणाऱ्याने मागच्या पट्ट्यांचे खटके कव्हराखाली दाबून टाकले होते. "मागे कोण लावतंय?" असे तो म्हणाला आणि आम्हीही हसून मान डोलावली.

पुढच्या सीटवर मात्र आम्ही पट्टा न चुकता लावत होतो. खरे कारण सांगायचे तर चौकातला पोलीस.

2023 च्या मे महिन्यातली गोष्ट. धुळ्याला नात्यातली शादी होती. जळगाव ते धुळे हे अंतर नव्वदेक किलोमीटरचे. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडायचा, मग पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे आणि धुळे. या महामार्गाचे चौपदरीकरण किती वर्षे रखडले, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. त्या वेळी काही पट्टा गुळगुळीत, काही पट्टा उखडलेला, मध्येच वळण आणि कडेला मातीचे ढीग असा रस्ता होता. पुढे आम्ही दोघे, पट्टे लावून. मागे अम्मी, मोठा मुलगा, मधली मुलगी आणि अम्मींच्या मांडीवर पाच वर्षांची धाकटी. पाचांच्या गाडीत सहा जण होतो. त्यात आम्हाला काही वावगे वाटले नाही. आपल्याकडे शादीला जाणाऱ्या गाडीत सहा म्हणजे गाडी रिकामीच!

पारोळ्याच्या अलीकडे एक मोटारसायकल उलट्या बाजूने समोर आली. वेग साधारण 50 चा असेल. जोरात ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि कडेच्या मातीच्या ढिगात घुसली. मोटारसायकलवाला निघून गेला. आम्हा दोघांच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उमटला, एवढेच. मागे अम्मी पुढच्या सीटवर आदळल्या आणि त्यांचे डावे मनगट मोडले. धाकटी त्यांच्या हातातून सुटून दोन सीटच्या मधून पुढे आली आणि गिअरच्या दांड्यावर तिचे कपाळ फुटले. मागच्या फळीवरचा पाण्याचा थर्मास उडून मधलीच्या पाठीत बसला. चाकावर आमच्यापैकी कोण होते, हे आम्ही कुणालाच सांगत नाही, कारण तो प्रश्न महत्त्वाचा नाही. पट्टे लावून बसलेले दोघे होते आणि न लावता बसवलेले चौघे होते, महत्त्वाचे ते आहे.

एक केळीचा ट्रक थांबला. चालकाने गळ्यातला रुमाल काढून अम्मींचा हात बांधला, अहिराणीत त्यांना धीर दिला आणि आम्हाला पारोळ्याच्या दवाखान्यापर्यंत सोबत केली. धाकटीला पाच टाके पडले. तिच्या डाव्या भुवईत आजही एक बारीक रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. शादीला आम्ही पोहोचलो नाही.

दुसऱ्या दिवशी हात प्लॅस्टरमध्ये घेऊन अम्मी पलंगावर बसल्या होत्या. रागाने नव्हे, अगदी शांतपणे त्यांनी विचारले, "बेटा, पट्टा तुम्हाला आणि दुआ आम्हाला, ही वाटणी कोणी केली?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. वाटणी आम्हीच केली होती. आणि आमच्या एकट्याच्या घरात ती होते, असेही नाही. रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहाव्यात. पुढे बसलेले पुरुष पट्ट्यात, मागे आई, बहीण, बायको, बाळ सगळे मोकळे. ज्यांच्यावर जीव ओवाळून टाकतो, त्यांनाच आपण बिनपट्ट्याच्या जागेवर बसवतो.

मागची सीट सुरक्षित असते, हा समज कुठून आला कोण जाणे. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात अनेकांना आठवत असेल. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर त्यांची गाडी धडकली. गाडी महागडी होती आणि तिच्यात सुरक्षेची सर्व साधने होती. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे, स्वतः मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, दगावले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर मागच्या पट्ट्याची देशभर चर्चा झाली आणि मुंबईत पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022 पासून सर्व प्रवाशांना सक्तीही केली. वास्तविक नियम आधीपासूनच होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ब नुसार पट्टा न लावल्यास 1000 रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसवले, तर तितकाच दंड चालकाला आहे. ही चर्चा आम्हीही वर्तमानपत्रात वाचली होती. दोनच महिन्यांनी गाडी घेतली, तेव्हा मात्र ती आठवली नाही.

आमच्यातल्या विज्ञानाच्या शिक्षकाने नंतर शाळेत मुलांना हे गणित फळ्यावर करून दाखवले. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आतले पट्टा नसलेले माणूस त्याच वेगाने पुढे जाते. तो धक्का सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीवरून पडण्याइतका असतो. वेग 80 असेल, तर ती उंची पंचवीस मीटर होते. तिसऱ्या मजल्यावरून पडणारे मूल मांडीवर घट्ट धरून वाचवता येईल का, असे विचारल्यावर वर्गात कोणी बोलले नाही. आजचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा निल्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने 1959 मध्ये व्होल्वो कंपनीसाठी तयार केला आणि कंपनीने तो इतर कंपन्यांनाही वापरू दिला. इतकी जुनी गोष्ट आमच्या कव्हराखाली दाबून पडली होती.

गाडी दुरुस्तीला गेली, तेव्हा मिस्त्रींनी आमच्यासमोर ब्लेडने मागचे कव्हर कापले. सीटच्या फटीत हात घालून खटके बाहेर काढले. त्यांच्याबरोबर बिस्किटांचा चुरा, एक सेफ्टी पिन आणि हरवलेली कपाटाची किल्लीही निघाली. दोन्ही खिडक्यांकडे तिहेरी पट्टे आणि मध्ये फक्त कमरेचा पट्टा होता. पट्टे पूर्ण बाहेर ओढून ते कुठे उसवलेत का, कुरतडलेत का हे पाहिले. झटका दिल्यावर ते अडकतात का, हेही तपासले. या सगळ्याला अर्धा तास लागला आणि खर्च जवळपास शून्य आला.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. पट्टे पाच, माणसे पाच.

नियम करणे सोपे होते. पाळताना नातेवाईक आडवे आले. आम्ही घरातच सहा जण आहोत. म्हणून सगळे मिळून जायचे असेल, तेव्हा मोठा मुलगा एसटीने किंवा रेल्वेने जातो. सुरुवातीला तो रुसला, आता मित्रांना सांगतो की आमच्या घरात मीच एकटा स्वतंत्र प्रवास करतो. पण खरी परीक्षा धुळ्यात झाली. एका वलीम्यानंतर आमच्या मोठ्या फुफी दोन नातवंडांना घेऊन गाडीपाशी आल्या. "आम्ही तिघं मागे सरकून बसतो, एरंडोलला सोडा." मागे तीन जागा आणि त्या भरलेल्या. मोठ्यांना नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. आम्ही हात जोडले, त्यांना एसटी स्टँडवर नेले, बसमध्ये बसवून दिले, तिकिटेही काढली. फुफी खिडकीतून एवढेच म्हणाल्या, "गाडी आल्यावर माणसं अशी बदलतात." पुढे चार महिने त्यांचा फोन आला नाही. ते चार महिने आम्हाला जड गेले. तरीही त्या रात्री काय करायला हवे होते, याचे दुसरे उत्तर आमच्याकडे आजही नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. आम्ही मिस्त्री नाही. पण अपघातानंतर दोन वर्षे विचारून, वाचून आणि हात काळे करून जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडेल.

आधी पट्टा कसा लावायचा ते. कमरेचा भाग पोटावर नको, त्याखाली कूल्ह्याच्या हाडांवर हवा. खांद्याचा भाग मानेला न घासता छातीवरून जायला हवा. बुरखा किंवा अबाया घालणाऱ्या भगिनींची अडचण अशी की, घोळदार कापड पट्ट्याखाली गोळा होते आणि पट्टा सैल बसतो. बसल्यावर आधी कापड दोन्ही बाजूंनी सारखे करावे, कमरेशी हात घालून पट्टा खाली ओढावा, मग खांद्याकडून वर खेचून सैलपणा काढावा. दहा सेकंदांचे काम आहे आणि पर्द्यालाही त्याने बाध येत नाही. चालवणारीने अबायाची खालची कडा पायांपासून वर घेऊन बसावे, नाहीतर ती पेडलमध्ये अडकते. ओढणीचे टोक दारात अडकले नाही ना, हेही पाहावे. गरोदर बहिणींनी पट्टा टाळू नये. कमरेचा भाग पोटाच्या खाली आणि खांद्याचा भाग पोटाच्या बाजूने गेला पाहिजे.

लहान मूल मांडीवर कधीही नको. तान्ह्यासाठी आणि लहानग्यांसाठी बालआसन मिळते, थोड्या मोठ्या मुलांसाठी उंची वाढवणारी बूस्टर बैठक मिळते. तिच्यामुळे पट्टा मुलाच्या गळ्यावर न येता खांद्यावर येतो. धाकटीसाठी आम्ही सीट कव्हरच्या निम्म्या खर्चात बूस्टर घेतली. तिला तिहेरी पट्टा लागतो, म्हणून ती खिडकीकडे बसते. दुसऱ्या खिडकीकडे अम्मी आणि मध्ये मधली. पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसणे तर सगळ्यात वाईट, कारण एअरबॅग फुटली की मूल तिच्या आणि आपल्यामध्ये चिरडते.

दुसरी गोष्ट टायरची. आमचे टायर गाडीइतकेच जुने निघाले. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. 1816 म्हणजे 2016 सालचा अठरावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर वयाने कडक होते. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावे. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटर उरली आणि टायर संपला. जुन्या गाडीचे टायर 'नवे टाकले' असे विकणारा सांगत असेल, तर आधी हे आकडे वाचावेत. स्टेपनीचेही वाचावेत.

आपल्या भागात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी असा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त वाकतात, वाकल्याने तापतात आणि तापलेला टायर महामार्गावर फुटतो. हवा किती हवी, ते चालकाच्या दाराजवळच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेले असते. भरलेल्या गाडीसाठी वेगळा, अधिक आकडा असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. चाळीस किलोमीटर चालून आल्यावर काटा वर दिसतो, म्हणून हवा सोडू नये. नायट्रोजन भरली नाही तरी बिघडत नाही, साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. नियमाने तपासणे महत्त्वाचे.

तिसरे, उष्णता. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतू नये. आपल्याकडच्या पाण्यात क्षार फार, आत पापुद्रे धरतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेला कूलंटच वापरावा आणि त्याची पातळी पंधरा दिवसांनी पाहावी. काटा लाल खुणेकडे गेला, तर एसी बंद करावा, कडेला थांबून इंजिन बंद करावे आणि पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये, आत उकळते पाणी दाबाखाली असते. बॅटरीचे आयुष्यही उन्हाने घटते. टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली तर साफ करून घ्यावी. वायपरचे रबर उन्हात भाजून निघते आणि पहिल्या पावसात काच घासण्याऐवजी खरवडते. म्हणून ते मेअखेरीस बदलावे. उन्हात उभ्या गाडीत अत्तर, सॅनिटायझर, लायटर, पॉवर बँक ठेवू नये. आणि 'दोन मिनिटांत येतो' म्हणून मुलाला बंद गाडीत सोडून दुकानात जाऊ नये. उन्हात उभी गाडी काही मिनिटांतच भट्टी होते.

चौथे, शोभेच्या वस्तू. डॅशबोर्डवरची चौकट आम्ही काढली आणि घराच्या बैठकीत लावली. ती नेमकी एअरबॅगच्या झाकणावर होती. एअरबॅग क्षणार्धात फुटते, तेव्हा तिच्यावर चिकटवलेली प्रत्येक वस्तू गोळीसारखी चेहऱ्यावर येते. पवित्र नावांचा अदब राखायचा, तर त्यांना अशी जागा देऊ नये. तस्बीह आता खणात असते. आरशाला लोंबणाऱ्या वस्तूमागे चौकातला एखादा सायकलवाला सहज लपतो. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असेल, तर तिथे शिवलेले कव्हर तिला फुटू देत नाही. पुढे लोखंडी गार्डही बसवू नये. तो बेकायदा आहे आणि त्याने धडकेचा धक्का आत येतो. मागच्या फळीवर आता काहीही ठेवत नाही. थर्मास, डबा, देगची सगळे डिकीत, सीटच्या उंचीच्या खाली.

काळ्या फिल्मचा प्रश्न आपल्या घरांत पर्द्यामुळे वारंवार येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. आमच्या अम्मी यावर म्हणतात, "मला बाहेरचं कोणी दिसलं तर काय बिघडलं? माझा नकाब माझ्या तोंडावर आहे, काचेवर कशाला?"

एक वस्तू मात्र बाजारात दिसली तरी घेऊ नका. पट्टा न लावता खटक्यात नुसतीच अडकवायची क्लिप, म्हणजे गाडी टुंटुं वाजत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या मे महिन्यात पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिप काढून टाकायला लावल्या, तेव्हा 13 हजारांहून अधिक जाहिराती हटवाव्या लागल्या. आपल्याला सावध करणाऱ्या आवाजाचे तोंड बंद करायला आपण पैसे मोजत होतो!

त्याऐवजी गाडीत काय असावे? हवेचा छोटा पंप, दाब पाहायचे मीटर, जॅक आणि व्हीलपाना, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, लाल त्रिकोण. बंद पडलेल्या गाडीच्या पन्नासेक मीटर मागे तो ठेवावा, पाठीमागून येणाऱ्याला आधीच दिसतो. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल, तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्यावी. विमा आणि पीयूसीच्या तारखा आम्ही घरातल्या कॅलेंडरवर, लाइट बिलाच्या तारखेशेजारी लिहितो.

डिसेंबर 2023 मध्ये आम्ही या नियमानिशी पहिला मोठा प्रवास केला. बऱ्हाणपूरला गेलो. जळगावपासून सुमारे शंभर किलोमीटर, भुसावळ, सावदा, रावेर मार्गे. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि रस्त्यावर केळीचे ट्रक. फारुकी सुलतानांच्या खानदेशाची ही राजधानी, आपल्याच इतिहासाचे गाव. पण जळगावचे अनेक विद्यार्थी तिथे कधी गेलेले नसतात. मोठा मुलगा रेल्वेने गेला आणि आमच्या आधी पोहोचून स्टेशनबाहेर चहा पीत उभा होता. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. उर्दू-मराठी शिकवणाऱ्याला तिथून हलवणे अवघड झाले. 1615 च्या सुमाराचा, जमिनीखालून शहराला पाणी पुरवणारा कुंडी भंडारा पाहून विज्ञानाचे शिक्षक थक्क झाले. अम्मींनी तापीकाठी बसून मनगट चोळत सांगितले, "पट्ट्यानं खांदा अवघडतो रे, पण छाती धडधडत नाही."

प्रवासाची वेळही आम्ही बदलली. पहाटे उजाडल्यावर निघतो, रात्री चालवत नाही. दर दोन तासांनी थांबतो. नमाजची वेळ हीच आमची विसाव्याची वेळ, वुजूच्या पाण्याने डोळ्यांवरची झापडही जाते. रमजानमध्ये दोन गोष्टींचे भान ठेवावे. सहरीनंतर अपुऱ्या झोपेत लांबचा प्रवास नको. आणि इफ्तार घरी गाठायची म्हणून शेवटची वीस मिनिटे गाडी पळवू नये. आमच्या गाडीत खजूर आणि पाणी असते. अजान रस्त्यात झाली तर कडेला थांबून रोजा सोडतो. कन्नडच्या घाटातून खुलताबादला जाणाऱ्यांनी उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. पावसाळ्यात तिथल्या दरडींची चौकशी करून निघावे.

आणि रस्त्यात कोणाचा अपघात दिसला, तर थांबावे. मदत करणाऱ्याला पोलीस-कचेरीच्या फेऱ्या पडतील, ही भीती आता बाळगू नये. कायद्याच्या कलम 134-अ ने त्याला संरक्षण दिले आहे. त्याला नावही सांगण्याची सक्ती करता येत नाही. आमच्यासाठी थांबलेल्या त्या ट्रकचालकाचे नाव आम्हाला आजही माहीत नाही. त्याचा रुमाल अम्मींनी धुऊन, घडी घालून कपाटात ठेवला आहे.

गेल्या वर्षी फुफींचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाल्या, "नातवानं गाडी घेतलीय. मागचे पट्टे कव्हराखाली गेलेत. तुझ्या त्या मिस्त्रीचा नंबर दे." जुन्या गोष्टीचा त्यांनी उल्लेख केला नाही, आम्हीही केला नाही.

आता आमच्या घरी गाडी सुरू होण्याआधी सवारीची दुआ होते आणि मग धाकटी खटके मोजते. पाचवा खटका वाजल्याशिवाय ती चावी फिरवू देत नाही. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाचकहो, हा लेख मिटवलात की तुमच्या गाडीपाशी जा, मागच्या सीटच्या फटीत हात घाला आणि खटके सापडतात का पाहा. नसतील सापडत, तर कव्हर कापा.